साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वाग्नर

बायरॉइटच्या टेकडीवरच्या नाट्यगृहात प्रयोग सुरू होताना टाळी पडत नाही. वाद्यवृंद दिसत नाही, त्याचा संचालकही दिसत नाही. दिवे मालवतात, दोन हजारांच्या आसपास माणसे लाकडी खुर्च्यांवर गप्प होतात आणि रंगमंचाखालच्या झाकलेल्या खड्ड्यातून सूर वर येऊ लागतात. रिखार्ड वाग्नरने हे नाट्यगृह स्वतःच्या ऑपेरांसाठी बांधून घेतले. १८७६ मध्ये ते उघडले आणि आजही तिथला उन्हाळी महोत्सव त्याच्याच कृतींचा असतो. २५ जुलै २०१७ रोजी त्या वर्षीच्या महोत्सवाचा पहिला दिवस होता आणि ‘डी माइस्टरझिंगर फॉन न्यूरेंबर्ग’चे नवे मंचन व्हायचे होते. दिग्दर्शक होते बॅरी कॉस्की, वाद्यवृंदाचे संचालक फिलिप जॉर्डन. प्रेक्षकांत जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केलही होत्या.

एरवी या ऑपेराची नांदी संपेपर्यंत पडदा बंद असतो आणि उघडल्यावर दिसते न्यूरेंबर्गमधले एक चर्च. त्या दिवशी नांदी चालू असतानाच पडदा उघडला आणि दिसला एक दिवाणखाना. पुस्तकांची कपाटे, पियानो, जड पडदे. प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी तो तत्काळ ओळखला असणार, कारण ते घर त्याच गावात आहे. वाग्नरचे ‘वानफ्रीड’. आज तिथे संग्रहालय आहे आणि मागच्या बागेत वाग्नर व त्याची पत्नी कोझिमा यांची थडगी आहेत. रंगमंचावर १८७५ च्या ऑगस्टमधली एक दुपार चालली होती. कोझिमाचे डोके दुखत होते. तिचे वडील, थोर पियानोवादक फ्रांझ लिस्ट, पाहुणे म्हणून आले होते. ज्यू वाद्यवृंदसंचालक हेर्मान लेवीही आला होता. आणि दोन खऱ्याखुऱ्या, केसाळ न्यूफाउंडलंड कुत्र्यांना फिरवून वाग्नर घरात शिरला.

मग या गृहस्थाने घरातल्या माणसांना आपल्याच ऑपेरातली पात्रे वाटून द्यायला सुरुवात केली. सासरे लिस्ट झाले सोनार पोग्नर, कोझिमा झाली त्याची मुलगी एव्हा, घरातली मोलकरीण झाली माग्डालेने. स्वतः वाग्नर झाला मोची-कवी हान्स झाक्स. त्याच्याच वेशातले तरुण वाग्नर पियानोतून बाहेर पडले आणि झाले प्रेमिक वाल्टर व शिकाऊ पोरगा डाविड. सगळ्यांनी हसत आपापल्या भूमिका घेतल्या. लेवीला मिळालेली भूमिका मात्र कुणालाच नको असते. तो झाला बेकमेसर.

नांदी संपून चर्चमधले सामुदायिक स्तोत्र सुरू झाले तेव्हा सगळे गुडघ्यांवर बसले. लेवी उभा राहिला. त्याला खाली बसवण्यात आले. पहिल्या दहा-बारा मिनिटांतच कॉस्कींनी आपले म्हणणे मांडले होते, आणि तेही संगीताचा एकही स्वर न बदलता.

ऑपेराची गोष्ट वरवर पाहता आनंदाची आहे. सोळाव्या शतकातले न्यूरेंबर्ग. तिथले कारागीर दिवसभर आपला धंदा करतात आणि उरल्या वेळात गाणी रचतात. कुंभार, माळी, शिंपी, सोनार यांनी अभंग रचल्याचे मराठी वाचकाला नवल वाटत नाही. न्यूरेंबर्गमध्ये अशा कारागीर-कवींची रीतसर मंडळी होती, त्यांचे नियम लिहून ठेवलेले होते आणि चुका मोजणारा परीक्षक असे. हान्स झाक्स हा खराच होऊन गेला. १४९४ ते १५७६ एवढे त्याचे आयुष्य, व्यवसाय चपला-जोडे शिवण्याचा आणि रचना हजारोंनी. वाग्नरच्या ऑपेरात सोनार पोग्नर जाहीर करतो की सेंट जॉनच्या उत्सवात जो गायनस्पर्धा जिंकेल त्याला माझी मुलगी देईन. बाहेरून आलेला तरुण सरदार वाल्टर तिच्या प्रेमात पडलेला, पण त्याला नियम ठाऊक नाहीत. नगराचा कारकून बेकमेसर नियमांवर बोट ठेवणारा परीक्षक, आणि त्यालाही एव्हा हवी आहे. दुसऱ्या अंकात बेकमेसर रात्री तिच्या खिडकीखाली गातो आणि झाक्स त्याच्या प्रत्येक चुकीला जोड्यावर हातोडा मारतो. गोंगाटाने शेजारी जागे होतात, मारामारी जुंपते. तिसऱ्या अंकात बेकमेसर चोरलेले गाणे वेडेवाकडे गातो, लोक त्याला हसतात, तो पळून जातो. वाल्टर जिंकतो. मग झाक्स एक लांब भाषण करतो: परकीयांच्या खोट्या दिमाखापासून जर्मन कलेला जपा, तिच्या उस्तादांचा मान ठेवा.

१८६८ मध्ये म्युनिकला पहिला प्रयोग झाला तेव्हा संचालक होता हान्स फॉन ब्यूलो. कोझिमा अजून कायद्याने त्याचीच बायको होती, पण वाग्नरपासून तिला दोन मुली झाल्या होत्या आणि धाकटीचे नाव याच ऑपेरातल्या नायिकेवरून एव्हा ठेवले होते. कॉस्कींनी घरच्या माणसांना पात्रे केली ती केवळ कल्पनेची भरारी म्हणून नव्हे. वाग्नरनेच आपले घर आणि आपली नाटके एकमेकांत मिसळून टाकली होती.

झाक्सच्या त्या भाषणाचे पुढे काय झाले, हा इतिहास या ऑपेरापासून वेगळा काढता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२४ मध्ये बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला तेव्हा ‘माइस्टरझिंगर’ संपल्यावर प्रेक्षकांनी उभे राहून राष्ट्रगीत गायले. २१ मार्च १९३३ रोजी हिटलरच्या नव्या राजवटीने पोट्सडाममध्ये आपला सोहळा केला आणि त्याच संध्याकाळी बर्लिनला ‘माइस्टरझिंगर’चा प्रयोग ठेवला. त्याच उन्हाळ्यात आर्तुरो तोस्कानिनी बायरॉइटला हा ऑपेरा सादर करणार होता. ज्यू कलावंतांवर सुरू झालेल्या छळाचा निषेध म्हणून त्याने यायला नकार दिला. न्यूरेंबर्गला नाझी पक्षाचे मेळावे भरत तेव्हाही हाच ऑपेरा होई. युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यांत, १९४३ आणि १९४४ मध्ये, बायरॉइटला फक्त ‘माइस्टरझिंगर’ झाला. समोर जखमी सैनिक आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार होते. त्यांना सरकारनेच पाहुणे म्हणून आणले होते.

१९५१ मध्ये वाग्नरच्या नातवांनी, वीलांट आणि वोल्फगांग यांनी, महोत्सव पुन्हा उघडला. प्रेक्षकांनी आवारात राजकीय चर्चा करू नये, अशी विनंती करणारी सूचना त्यांनी लावली आणि तिच्याखाली ‘माइस्टरझिंगर’मधलाच एक उद्गार दिला. त्याचा आशय असा की इथे फक्त कलेचे पाहायचे. ती सूचना लावणाऱ्यांची आई, विनिफ्रेड वाग्नर, हिटलरची जुनी मैत्रीण होती आणि तो या घरी मुलांचा काका म्हणून वावरत असे. हे डोळ्यांपुढे ठेवले की त्या विनंतीचे वजन कळते.

वीलांटने १९५६ मध्ये जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर ‘माइस्टरझिंगर’ केला. घरे नाहीत, गल्ल्या नाहीत. लोक चिडले, ‘न्यूरेंबर्ग नसलेला माइस्टरझिंगर’ असे त्याचे नावच पडले. त्यानंतर वीलांटने एकदा, वोल्फगांगने तीनदा आणि २००७ मध्ये वोल्फगांगची मुलगी काटारिना हिने एकदा हा ऑपेरा केला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ बायरॉइटमध्ये हा एक ऑपेरा वाग्नर कुटुंबाच्या हातून बाहेर गेलाच नाही. काटारिनाच्या मंचनावर बू-बूचा मारा झाला. पण पुढे महोत्सवाची सूत्रे तिच्या हाती आली आणि तिने कॉस्कींना बोलावले. ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा करायला हवी.

कॉस्कींचा जन्म १९६७ चा, मेलबर्नचा. आजी-आजोबा युरोपातून ऑस्ट्रेलियाला गेलेले ज्यू. २०१२ पासून ते बर्लिनच्या कोमिशे ऑपेराचे प्रमुख होते. प्रहसन, ऑपरेटा, मोत्सार्ट, सगळ्यात रमणारे. बायरॉइटचे आमंत्रण त्यांनी आधी नाकारले. हा ऑपेरा आपला नाही असे त्यांना वाटे. विचाराला काही महिने घेऊन त्यांनी होकार दिला. बायरॉइटमध्ये दिग्दर्शन करणारे ते पहिले ज्यू. महोत्सव सुरू होऊन तेव्हा १४१ वर्षे झाली होती.

पहिला अंक संपतासंपता दिवाणखाना मागे सरकला आणि भोवती उभी राहिली वेगळीच भिंत. लाकडी तावदाने, पहाऱ्यावर एक अमेरिकन सैनिक. न्यूरेंबर्गच्या न्यायालयातला ६०० क्रमांकाचा कक्ष. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात याच कक्षात नाझी नेत्यांवर खटला चालला. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली, तिघे सुटले. बायरॉइटहून मोटारीने तासाभरात तिथे पोचता येते आणि आज लोक तो कक्ष पाहायला जातात. मध्यंतरात सॉसेज खाणाऱ्या आणि तुताऱ्यांची हाक ऐकून परतणाऱ्या प्रेक्षकांना पुढचे दोन अंक त्या भिंतींच्या आत पाहायचे होते.

रेबेका रिंग्स्ट यांच्या या नेपथ्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. रंगमंचावर नाझी गणवेश एकही नव्हता. क्लाउस ब्रून्स यांनी उत्सवातल्या लोकांना जुन्या जर्मन चित्रांतले, रंगीत, प्रसन्न कपडे घातले होते. जुने, गोड न्यूरेंबर्ग आणि खटल्याचे न्यूरेंबर्ग एकमेकांत घुसवले होते आणि एकानेही दुसऱ्याला पुसून टाकले नव्हते. स्वस्तिक दाखवून प्रेक्षकांना हादरवणे फार सोपे आहे. ते पाहणारा मनातल्या मनात म्हणतो, मी यांच्यातला नाही, आणि सुटतो. इथे गाणारे लोक लोभस होते, नाचणारे लोभस होते. त्यातून सुटायला जागा नव्हती.

खऱ्या न्यूरेंबर्गचा इतिहास पाहिला तर ही जोडणी ओढूनताणून केलेली वाटत नाही. त्या शहराच्या मुख्य बाजारचौकाच्या जागी पूर्वी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये ती कत्तल करून उठवली गेली आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागी चर्च उभे राहिले. १४९९ मध्ये उरलेल्या ज्यूंनाही शहराबाहेर काढले. हान्स झाक्स तेव्हा चार वर्षांचा होता. पुढे साडेतीनशे वर्षे तिथे ज्यूंना राहू दिले गेले नाही. वाग्नरने ज्या न्यूरेंबर्गला जर्मन समाजाचे सुंदर रूप म्हणून रंगवले, त्या न्यूरेंबर्गात ज्यू नव्हतेच, कारण त्यांना हाकलून दिलेले होते. नाझींचे वांशिक कायदे १९३५ मध्ये याच शहरात जाहीर झाले आणि जानेवारी १९४५ मधल्या बाँबहल्ल्यात त्याचे जुने गावठाण जवळजवळ नाहीसे झाले.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती मारामारी येते. बहुतेक ठिकाणी ती खेळकर धुमश्चक्री असते, वाग्नरचे संगीतही अजब गुंफणीचे आहे आणि ऐकताना हसू फुटते. कॉस्कींनी तिथे जमावाचा हल्ला दाखवला. सगळे मिळून एकालाच मारतात. बेकमेसर झालेल्या लेवीच्या डोक्यावर नाझींच्या द्वेषपत्रांतल्या चित्रासारखा, बाकदार नाकाचा राक्षसी मुखवटा चढवला जातो. तेच तोंड रंगमंचावर प्रचंड फुग्याच्या रूपात फुगत जाते. मग रखवालदाराची हाक येते, संगीत निवते आणि फुगाही हळूहळू बसतो. शेवटी दिसत राहते ती टोपी आणि तिच्यावरचा सहा टोकांचा तारा.

बेकमेसर ज्यू आहे का, या प्रश्नावर अभ्यासक भांडत आले आहेत. वाग्नरने १८५० मध्ये टोपणनावाने ज्यू संगीतकारांवर विखारी निबंध लिहिला होता आणि ‘माइस्टरझिंगर’च्या पहिल्या प्रयोगानंतर वर्षभरातच, १८६९ मध्ये, तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. १८७० मध्येच व्हिएन्नात ज्यूंमध्ये बोलले जात होते की बेकमेसरचे गाणे हे ज्यू गाण्याची टिंगल आहे. कोझिमाने आपल्या रोजनिशीत ते नोंदवले आहे. ब्रिटिश अभ्यासक बॅरी मिलिंग्टन यांनी १९९१ मध्ये या विषयावर लेख लिहिला आणि त्याचे शीर्षकच ‘न्यूरेंबर्ग खटला’ असे दिले. दुसरी बाजूही कच्ची नाही. बेकमेसर नगराचा अधिकारी आहे, मंडळाचा सभासद आहे. ज्यू माणसाला त्या काळी त्या शहरात दोन्ही अशक्य होते. नाझी काळातल्या लिखाणात बेकमेसरला ज्यू म्हणून रंगवल्याचा पुरावा मिळत नाही, असे अमेरिकन इतिहासकार डेव्हिड डेनिस यांनी दाखवले आहे. कॉस्कींनी स्वतःची वाट काढली. त्यांच्या मते वाग्नरला ज्यांचा तिटकारा होता, ते फ्रेंच, ते इटालियन, ते समीक्षक आणि ते ज्यू, या सर्वांचे तुकडे जोडून बेकमेसर तयार झाला आहे. हे उत्तर पटण्यासारखे आहे. वाग्नरने एका मसुद्यात या पात्राला व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक याच्यावरून ‘हान्सलिख’ असे नाव दिले होते. एका माणसाचा राग आणि एका जमातीचा द्वेष त्याच्या मनात केव्हा एक झाला, हे त्यालाही सांगता आले नसते.

आणि खरा लेवी? गीसेनच्या रब्बायचा हा मुलगा म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदाचा प्रमुख होता. वाग्नरच्या ‘पार्सिफाल’साठी बव्हेरियाचा राजा लुडविग याने आपला वाद्यवृंद दिला तो संचालकासकट. ख्रिस्ती धर्मातला पवित्र विधी असलेले आपले शेवटचे नाटक ज्यू माणसाने सादर करावे, हे वाग्नरला सलत होते. बाप्तिस्मा घे म्हणून तो लेवीच्या मागे लागला. लेवीने घेतला नाही. १८८१ मध्ये एक निनावी पत्र आले: लेवीचे कोझिमाशी संबंध आहेत, त्याच्या हातून हे काम काढून घ्या. वाग्नरने ते पत्र लेवीलाच दाखवले. लेवी गाव सोडून गेला, मला मोकळे करा म्हणाला, आणि वाग्नरने बोलावल्यावर परत आला. २६ जुलै १८८२ रोजी ‘पार्सिफाल’चा पहिला प्रयोग त्यानेच केला. पुढच्या वर्षी वाग्नरच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. एवढा अपमान सोसून माणूस तिथे का राहिला, याचे उत्तर त्या संगीतातच शोधावे लागते. कॉस्कींच्या मंचनात योहानेस मार्टिन क्रेन्झले यांनी लेवीचा बेकमेसर गायला तेव्हा त्यात विदूषक कुठेच नव्हता. मान मिळवण्यासाठी धडपडणारा, सतत कपडे सावरणारा, थोडा अहंकारी आणि पार भेदरलेला माणूस होता. या मंचनाचे यश अर्ध्याहून अधिक त्यांचे आहे.

वाग्नरचे काय करायचे, हा प्रश्न बायरॉइटबाहेरही अनेकांना सोडवावा लागला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे-दुकाने जाळली गेली आणि तेल अवीवच्या ज्यू वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमातून ‘माइस्टरझिंगर’ची नांदी काढून टाकली. तेव्हापासून त्या वाद्यवृंदाने वाग्नर न वाजवण्याची अलिखित प्रथा पाळली. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी १९८१ मध्ये ती मोडून पाहिली. ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी खुशाल बाहेर जावे असे आधी सांगून त्यांनी ‘त्रिस्तान’चा शेवटचा भाग सुरू केला. नाझी छळातून वाचलेला एक माणूस मंचावर चढला आणि त्याने शर्ट उघडून अंगावरचे व्रण दाखवले. मेहतांचा हेतू स्वच्छ होता आणि त्या माणसाचा हक्कही निर्विवाद होता. त्या सभागृहात दोघांना एकत्र बसवण्याची सोय नव्हती. कॉस्कींचे मंचन मोलाचे वाटते ते इथे. संगीत थांबवायचे नाही आणि व्रणही झाकायचे नाहीत, असे त्यांनी ठरवले, आणि हे त्यांनी त्याच नाट्यगृहात केले जिथून हा सगळा अभिमान निघाला.

तिसऱ्या अंकात न्यायालय पूर्ण सजलेले होते. चार विजेत्या राष्ट्रांचे झेंडे, दुभाषांच्या जागा. वाल्टरचे बक्षिसाचे गाणे क्लाउस फ्लोरियान फोग्ट यांच्या हलक्या, पारदर्शक आवाजात झाले. मग आले ते भाषण. झाक्सच्या भूमिकेतले मिखाएल फोले साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. बाकीचे सगळे निघून गेले. रिकाम्या कक्षात वाग्नर एकटाच, थेट प्रेक्षकांना, आपली बाजू मांडू लागला: माझे उस्ताद, माझी कला. फोले यांच्या गळ्यात त्या ओळी गर्जना झाल्या नाहीत, विनवणी झाल्या. भाषण संपले तशी मागची भिंत उघडली, एक वाद्यवृंद पुढे सरकत आला आणि वाग्नर पिंजऱ्यातून उतरून त्याचे संचालन करू लागला. निकाल दिला गेला नाही. बचाव म्हणून त्याच्याकडे फक्त संगीत होते आणि ते त्याने सादर केले.

काही समीक्षकांना हा शेवट पळवाट वाटला. शेवटच्या क्षणी सुरांनी सगळे धुऊन काढले, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य करणे कठीण आहे. नांदीत ऐकलेलीच धून तेव्हा परत येते, पण सुरुवातीला ती ऐकताना उचंबळून आलेला श्रोता आता स्वतःच्या उचंबळण्याकडे शंकेने पाहतो. पंच ठरतात ते प्रेक्षक. पहिल्या प्रयोगाला थोड्या बू-बूच्या आरोळ्या उठल्या, पण टाळ्यांनी त्या सहज झाकल्या. बायरॉइटमध्ये दरवर्षी मंचनावर पुन्हा हात फिरवायची पद्धत आहे, तशी कॉस्कींनीही दुरुस्ती केली. दुसऱ्या अंकातले गवत काढून पुढच्या उन्हाळ्यात तिथे वानफ्रीडच्या सामानाचा ढीग आणला. २०२० चा महोत्सव महामारीमुळे रद्द झाला. २०२१ मध्ये हे मंचन शेवटचे झाले.

चार वर्षांनी, २५ जुलै २०२५ रोजी, त्याच रंगमंचावर ‘माइस्टरझिंगर’ नव्याने उभा राहिला. दिग्दर्शक माटियास डाविड्स यांचे नाव संगीतिकांसाठी प्रसिद्ध. वाद्यवृंद दानिएले गात्ती यांचा, झाक्स गेओर्ग त्सेपेनफेल्ड यांचा. ही मुळात विनोदी कृती आहे, ती पुन्हा विनोदी होऊ द्या, असा डाविड्स यांचा रोख होता. उत्सवाच्या कुरणावर रंगीबेरंगी, हवा भरलेली प्रचंड गाय उलटी टांगलेली. झाक्सच्या भाषणात बेकमेसर तिचा विजेचा प्लग काढतो, गाय मलूल होते, झाक्स तो परत जोडतो. वाल्टरला उस्तादपदाचा मान मिळतो तेव्हा एव्हा तो नाकारते आणि त्याला हात धरून बाहेर घेऊन जाते. पुष्कळांना या हसण्याने बरे वाटले. काहींना वाटले, जबाबदारी टाळली. हसण्याचा हक्क या ऑपेराला आहेच, आणि एव्हाचे ते निघून जाणे झाक्सच्या भाषणाला दिलेले चोख उत्तर आहे. पण दुसऱ्या अंकातली मारामारी पुन्हा निव्वळ मारामारी म्हणून पाहणे कॉस्कींचा प्रयोग पाहिलेल्या माणसाला अवघड जाते.

२०२६ या दीडशेव्या वर्षासाठी महोत्सवाने ‘रिएंझी’ निवडला. वाग्नरने तरुणपणी लिहिलेला हा ऑपेरा बायरॉइटच्या महोत्सवात त्याआधी कधी झालेला नव्हता, कारण त्याने स्वतःच तो तिथे करण्याजोग्या कृतींतून वगळला होता. त्याचे मूळ हस्तलिखित जर्मन उद्योगपतींनी १९३९ मध्ये हिटलरला पन्नासाव्या वाढदिवशी भेट दिले होते. युद्धाच्या अखेरीस ते नाहीसे झाले आणि अजून सापडलेले नाही.